डबलसीट ट्रायल

“मागं कुणीतरी बसा की,” गाडी बघायला आलेले मुजावर म्हणाले आणि मी गाडीपासून दोन पावलं मागं सरकले.

कारण पाचच मिनिटांपूर्वी गाडी पुसायचं निमित्त करून मी तिचा पेट्रोलचा कॉक बंद केला होता.

आता तुम्ही म्हणाल, विकायला काढलेल्या गाडीचा कॉक कुणी बंद करतं का? आम्ही करायचो. सांगते. पेठ नाक्याजवळ हायवेला लागून आमचं, लोहारांचं, गॅरेज होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मी शालन, अशी दोनच माणसं ते चालवत होतो. आई मी शाळेत असतानाच गेली. बारावीनंतर मी कॉलेजला रामराम ठोकला आणि हातात पाना घेतला. जुन्या गाड्या आणायच्या, उभ्या करायच्या, विकायच्या, हा अण्णांचा धंदा. त्या दिवसाच्या तीन वर्षं आधी सफारी सूट घातलेला एक गृहस्थ ट्रायल घेतो म्हणून आमची एक सुझुकी घेऊन गेला, तो आजतागायत ट्रायलच घेतोय. त्यानंतर अण्णांनी ही युक्ती काढली. गिऱ्हाईक अनोळखी असलं की मी फडकं घेऊन पुढं व्हायचं आणि टाकीखालचा कॉक गुपचूप फिरवायचा. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी दीडेक किलोमीटर जाते आणि मग आपोआप बंद पडते. भामटा असला तर ती तिथंच टाकून पळतो. सरळ माणूस असला तर ढकलत परत येतो, मग अण्णा “अरेच्चा, पेट्रोल संपलं वाटतं!” म्हणतात आणि त्याला चहा पाजतात. ट्रायलचा रस्ताही ठरलेला होता. गॅरेजच्या मागनं माळावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथं शेळीसुद्धा आडवी येत नसे.

आणि ही गाडी तर साधीसुधी नव्हती. होंडाची चारशे सीसी, चार सिलिंडरची, एकोणनव्वद सालची, खास जपानातली. मुंबईच्या कुणा हौशी माणसानं बाहेरून मागवलेली, पुढं गोदामात सडत पडलेली. अण्णांनी ती अंगणात आणून टाकली तेव्हा तिच्या टाकीत पाली राहत होत्या. चार वर्षं अण्णा तिच्यावर राबत होते. मूळचा कॉक गंजून गेला होता, तर त्यांनी राजदूतचा कॉक घासून-कापून तिथं बसवला. त्या चार वर्षांत ते माझ्याशी जेवढं बोलले नसतील तेवढं त्या गाडीशी बोलले. पण गाडी पुरी झाली की ती दारात ठेवायची नाही, असं त्यांचं तत्त्व. म्हणून रविवारच्या पेपरात तीन ओळींची जाहिरात दिली. चार महिने झाले, तिच्याजवळ उभं राहून फोटो काढायला अख्खा तालुका येऊन गेला, घ्यायला कुणी नाही.

आणि मग जानेवारीतल्या एका सकाळी मुजावर आले. मिरजेचे. चाळिशी उलटलेला माणूस, हातात रेग्झिनची पिशवी, पिशवीत स्वतःचं हेल्मेट. तिथल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करतो म्हणाले. एसटीनं आले होते, आणि तिथंच अण्णांच्या कपाळावर आठी पडली. स्वतःची गाडी आणलेलं गिऱ्हाईक ती आपल्या दारात ठेवून जातं. एसटीनं आलेल्यानं काय ठेवायचं, तिकीट? अण्णांनी माझ्याकडं बघून नुसती भुवई उचलली. मी फडकं घेतलं.

“मागं कशाला कुणी?” अण्णांनी विचारलं.

“बायकोला घेऊन फिरणार हो मी,” मुजावर हसले. “लग्नाला वीस वर्षं झाली, तिला शब्द दिलाय. डबलसीट कशी ओढते ते बघायला नको?”

“मला गॅरेज सोडून येता येत न्हाई. हिला घेऊन जावा.”

“ताईला? नको नको, राहू दे. मी एकटाच जाऊन येतो.”

“अहो, न्या की! बसती ती. सवय हाय तिला.”

तेव्हा मी अण्णांकडं बघितलं. मुजावर हेल्मेटचा पट्टा लावत होते. मी फडक्याआड दोन बोटं धरून कॉक फिरवल्यासारखी फिरवली. बंद आहे, अण्णा. बंद आहे! त्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, “बस, बस. उशीर नको.”

मी बसले.

मनात म्हटलं, जाऊ दे, माळावरच तर जायचंय. दीड किलोमीटरवर बंद पडेल, उतरू, ढकलत येऊ. त्यात काय मोठंसं! गाडी सुरू झाली, आणि काय तो आवाज सांगू तुम्हाला, अंगावर शहारा आला. मागची सीट हातभर उंच आणि पोळपाटाएवढी. धरायला एक पट्टा. सलवार-कमीज सावरत मी पाय दोन्ही बाजूंना टाकून बसले होते. माळाकडं वळायचा फाटा आला आणि मुजावर वळलेच नाहीत. त्यांनी सरळ हायवेला गाडी घातली, कासेगावच्या बाजूला.

“दादा, ट्रायलचा रस्ता मागं राहिला!” मी ओरडले.

“त्या खडकाळीत पाचवा गिअर कसा टाकू?” तेही ओरडले. “जरा पुढं जाऊन वळू!”

तेव्हा आपला हायवे म्हणजे आजच्यासारखा सहा पदरी नव्हता. एकच रस्ता, जाणारेही त्याच्यावर, येणारेही त्याच्यावर. त्यात कारखाने सुरू, म्हणजे उसाच्या गाड्यांची रांग. मुजावरांनी गिअर बदलला आणि माझी मान मागं गेली. ऐंशी, नव्वद. त्यांच्या खांद्यावरून मला काटा दिसत होता. आणि माझ्या डोक्यात दुसराच काटा फिरत होता. किती पेट्रोल उरलं असेल? हळू चालवली तर दोन किलोमीटर. अशी पळवली तर एकसुद्धा नाही. आता बंद पडणार. या क्षणी. नाही, या क्षणी. मागनं एक ट्रक भोंगा वाजवत येत होता, त्याच्या पुढ्यात ही बंद पडली तर आमचा चुरा. हाताला घाम सुटला, तो पट्टा हातात राहीना.

तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. दादा, कॉक बंद आहे, डाव्या गुडघ्यापाशी आहे, उघडा. एवढंच. पण ते वाक्य मी बोलले नाही. कारण ते बोलले असते तर आमची युक्ती फुटली असती. मिरजेपर्यंत बोभाटा झाला असता की लोहारांच्या गॅरेजात कॉक बंद करून ट्रायल देतात, गिऱ्हाइकाला चोर समजतात. आणि अण्णा... अण्णांचं काय झालं असतं त्याचा मी विचारच करू शकत नव्हते. आपणच हात घालून कॉक फिरवावा, तर तो परक्या पुरुषाच्या मांडीखाली. देवा रे, काय करू?

मग मी काय केलं असेल? मी म्हणाले, “दादा, हळू घ्या. मला भीती वाटते.”

बोलून चालून सज्जन माणूस. “बरं बरं,” म्हणाले आणि लगेच पन्नासवर आले.

मला वाटलं, बरं केलं. मूर्ख मी! ज्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी पळता पळता बंद पडली असती, आणि आम्ही कडेला घेऊन हसत उतरलो असतो, तो रस्ता आम्ही सावकाश, थेंब थेंब पेट्रोल वाचवत पार केला. मागचा ट्रकही आमच्या पुढं निघून गेला. आणि पुढं उसाचे दोन ट्रॅक्टर एकामागं एक, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, चिकटून चाललेले. मधे बोटभर जागा नाही. ऊस दोन्ही बाजूंनी असा बाहेर आलेला की निम्मा रस्ता त्यांनीच खाल्लेला.

“यांच्या मागनं किती वेळ जायचं?” मुजावर म्हणाले. “एवढे दोन मारतो आणि वळतो. घट्ट धरा.”

“दादा, नको!”

“अहो, समोर मोकळं आहे.”

मोकळं होतं खरं. समोरून एक ट्रक येत होता, पण लांब, चढाच्या टोकाला. या गाडीला दोन ट्रॅक्टर मागं टाकायला तेवढा वेळ फार झाला. त्यांनी उजवीकडं घेतली, मूठ पिळली. गाडी उसळली. पहिली ट्रॉली गेली, दुसरी ट्रॉली गेली, पहिला ट्रॅक्टर गेला. उसाची पाती माझ्या हाताला चाटून जात होती. आणि दुसऱ्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली बरोबरीला असताना इंजिननं एक आचका दिला.

तो आचका मला ओळखीचा होता. माळावरनं गॅरेजपर्यंत पन्नास वेळा ऐकू आलेला.

दुसरा आचका. आणि मग काहीच नाही. ती चार सिलिंडरची किंकाळी गेली आणि एकदम वाऱ्याचा आवाज यायला लागला, ट्रॅक्टरच्या गाण्याचा आवाज यायला लागला. हो, ट्रॅक्टरवाल्यानं गाणं लावलं होतं. मुजावरांनी क्लच दाबला, सोडला, परत दाबला. डाव्या हाताला ऊस. मागं पहिला ट्रॅक्टर, त्याच्या पुढ्यात शिरायला जागा नाही. समोर तो ट्रक, आता लांब नव्हता, त्याच्या बंपरला बांधलेली लिंबू-मिरचीसुद्धा दिसायला लागली होती, आणि त्यानं दिवे मारायला सुरुवात केली.

“कॉक!” मी किंचाळले. “कॉक बंद आहे! कॉक!”

आणि लाज-बीज सगळी सोडून मी त्यांच्या मांडीखालून हात घातला. त्यांनी गुडघा बाहेर काढला. मी कॉक उघडला. पण कार्बोरेटरची चार भांडी भरायला वेळ लागतो हो, तिला काय कळतंय समोर ट्रक आहे ते! मला आठवतं, मी डोळे मिटले नाहीत. मिटताच येईनात. ट्रकच्या काचेमागं ड्रायव्हरचं उघडं तोंड दिसलं. मुजावर अजिबात ओरडले नाहीत. गाडीत जेवढा वेग उरला होता तेवढ्यावर त्यांनी ती आणखी उजवीकडं, रस्त्याच्या पार बाहेर घातली. मुरूम उडाला, चाक सरकलं, एक बाभळीची फांदी माझा कान फाडत गेली, आणि भोंग्याचा आवाज पाठीला चाटून गेला. आम्ही एका तोडलेल्या उसाच्या रानात, बुडख्यांत जाऊन थांबलो.

गाडी पडली नाही. त्यांनी पाय टेकून ती धरली. मी मात्र उतरले आणि सरळ खाली बसले. एक चप्पल कुठं गेली ती गेली. कानातनं रक्त गळून ओढणीवर पडत होतं आणि मला ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं.

मुजावरांनी हेल्मेट काढलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मग खाली वाकून त्यांनी कॉक बघितला.

“बंद होता.”

“हो.”

“कुणी केला?”

“मी.”

“म्हणजे बसलीस तेव्हापासून तुला माहीत होतं?” अहो-ताई सगळं गळून पडलं होतं.

“हो.”

“आणि मला म्हणालीस, हळू घ्या. कॉक उघडा म्हणाली नाहीस.”

मी रडायला लागले. “अण्णा रागावले असते.”

ते माझ्यासमोर बुडख्यांत उकिडवे बसले. “पोरी, मी रोज वीस-पंचवीस जणांची मोडलेली हाडं बघतो. कशी मोडली ते माणसं सांगतात. नाना कारणं सांगतात. हे असलं कारण मी आज पहिल्यांदा ऐकलं. मारतात का अण्णा?”

“नाही! कधीच नाही. बोट लावलं नाही कधी.”

“मग?”

“बोलायचे बंद होतात.”

त्यांना कळेना. मी सांगायचा प्रयत्न केला. एकदा मी एक वायसर उलटा बसवला होता, तर अण्णा अकरा दिवस बोलले नव्हते. ताट वाढायचं, ते जेवायचे, उठायचे. पाना हातात द्यायचा, ते घ्यायचे. घरात दोनच माणसं, त्यातलं एक आपण, आणि दुसरं आपल्याकडं बघतसुद्धा नाही. बाराव्या दिवशी “शाले, चहा टाक” म्हणाले तेव्हा मी मोरीत जाऊन रडले होते, आनंदानं. हे सगळं मी त्या परक्या माणसाला सांगितलं. एरवी मैत्रिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, “कॉक बंद आहे हे अण्णांना माहीत नसेल. नाहीतर पोटच्या पोरीला कोण बसवेल?”

“नाही ना,” असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि मला माझी दोन बोटं आठवली. “मी खूण केली होती,” मी म्हणाले.

“त्यांनी बघितली नसेल.”

“बघितली.”

हे मी बोलले आणि तेव्हा कुठं मला ते कळलं. तोपर्यंत मी स्वतःला सांगत होते की त्यांच्या लक्षात आलं नसेल, ते काहीतरी निमित्त काढणार होते, गडबडीत राहून गेलं. तसं काही नव्हतं. त्यांनी बोटं बघितली होती, मला बघितलं होतं, आणि बस म्हणाले होते. ट्रक समोर होता तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. “बसतीस का चालत येतीस?” मुजावरांनी विचारलं. चप्पल एकच होती, म्हणून बसले. येताना त्यांनी तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही.

अण्णा रस्त्यावर येऊन उभे होते. लांबूनच दिसले, कपाळावर आडवा हात धरून हायवेकडं बघत होते. गाडी दिसली तसे चार पावलं पळत पुढं आले. मग सावरले.

“एवढा वेळ? कुठं गेला होता, पावणं?” मग माझ्याकडं लक्ष गेलं. “शाले, कानाला काय झालं?”

या वेळी मी बोलले. “अण्णा, कॉक बंद होता. ट्रकसमोर गाडी बंद पडली. तुम्ही बघितलं होतं, मी खूण केलेली.”

“हळू बोल,” अण्णा म्हणाले. “गिऱ्हाईक हाय.”

“तुम्ही बघितलं होतं का नाही?”

अण्णांनी मुजावरांकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. “मला वाटलं,” ते हळूच म्हणाले, “पोरगी मागं असली की मानूस सांभाळून चालवतो. माळावरनंच तर येणार होता तुम्ही. गाडी गेली असती तर... चार वर्षं...”

मला वाटलं, मुजावर आता आकांडतांडव करणार. त्यांनी शांतपणे गाडी उभी केली, हातातलं हेल्मेट अण्णांपुढं धरलं.

“गाडी मला पसंत आहे, अण्णा. गाडीचा काय दोष? घेणार. पण आणखी एक ट्रायल घेतो. डबलसीट. या वेळेला मागं तुम्ही बसा.”

अण्णांनी हेल्मेट घेतलं नाही.

“कॉक कसा ठेवायचा ते मी बघणार नाही,” मुजावर म्हणाले. “तुम्हीही बघायचं नाही. तिकडं तोंड करून उभे राहू आपण दोघं. काय करायचं ते ताई करेल. आणि जायचं त्याच रस्त्यानं.”

असं म्हणून त्यांनी खरंच पाठ फिरवली.

अण्णांनी फिरवली नाही. ते माझ्याकडं बघत राहिले. माझ्या चेहऱ्याकडं नाही, माझ्या हातांकडं. मी गाडीपासून चार पावलं लांब होते, हात ओढणीत गुंडाळलेले, कान दाबून धरलेला. मी काही करणार नव्हते हो! कॉक उघडाच होता, मी त्याला बोटसुद्धा लावलं नसतं. अण्णा, उघडा आहे, बसा, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण मी बोलले नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी बोलायची बंद झाले.

अण्णांनी एक पाय पुढं टाकला आणि मागं घेतला.

“न्हाई पावणं,” ते म्हणाले. “माझ्यानं बसवणार न्हाई.”

पुढच्या रविवारी मुजावर बायकोला घेऊन आले आणि गाडी घेऊन गेले. अण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. त्या अकरा वर्षांत ते माझ्याशी एक दिवसही अबोला धरून बसले नाहीत. गॅरेज माझ्या नावावर केलं. मी आवाज चढवला तर गप्प ऐकून घ्यायचे. “शाले, हे चालंल का? असं करू का?” असं विचारून विचारून प्रत्येक गोष्ट करायचे, ताटातली भाकरी संपली तरी दुसरी मागायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघायचे. शेजारपाजारचे म्हणायचे, नशीबवान आहेस, म्हातारा किती निवळला! मी हसायचे. निवळले कसले, ते मला घाबरत होते. आणि ते मला कधीच आवडलं नाही.